अब्दुललाटचे साहेब आणि आमच्या ताईंचा पासपोर्ट

आज बोलायचं आहे परदेशातल्या वकिलातींबद्दल आणि तिथं नोकरी करणाऱ्या साहेब लोकांबद्दल. तुम्ही म्हणाल, आपला आणि त्यांचा काय संबंध? मीसुद्धा गेल्या वर्षापर्यंत हेच म्हणत होते. म्हणून सुरुवात वकिलातीपासून न करता स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून करते.

दुपारचे बारा वाजलेले. भोरहून आलेल्या गाडीतून मी आणि आमच्या गटातल्या एक ताई उतरलो आणि बाकावर बसलो. त्यांचं नाव सांगत नाही, ताईच म्हणते. ताईंच्या पिशवीत तळाला चपात्यांचा डबा, डब्याखाली रुमालात बांधलेले पंधरा हजार रुपये. गटाचे पैसे. अंतर्गत कर्ज म्हणून ठराव करून उचललेले, आणि तो ठराव मी माझ्या हातानं लिहिलेला. ते पैसे आम्ही कुणाला द्यायला निघालो होतो माहीत आहे? ताईंच्या नवऱ्याला. कशासाठी? एका सहीसाठी.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. ताईंचा नवरा मुलगी पाचवीत असताना घर सोडून गेला. पुण्याच्या बाजूला दुसरा संसार मांडला. फारकत झाली नाही, कोर्टकचेरी झाली नाही, नुसता गेला. ताईंनी दुसऱ्याच्या रानात खुरपलं, शाळेत खिचडी शिजवली, गटातून दोनदा कर्ज घेऊन शेळ्या केल्या आणि मुलीला नर्सिंगला घातलं. मुलगी जीएनएम झाली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, ड्युटी सांभाळून जर्मन भाषेचा क्लास लावला आणि परीक्षा देऊन जर्मनीला गेली. तिकडं म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढलीय, त्यांची सेवा करायला नर्स कमी पडतात, म्हणून ते आपल्याकडच्या मुलींना बोलावतात. केरळच्या मुली आधीपासून जातात. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग नावाच्या राज्याशी माणसं पाठवण्याचा करार केलाय. पण भाषा शिकल्याशिवाय तिथं नर्सचं काम मिळत नाही, हे ज्यांच्या घरी नर्सिंगच्या मुली आहेत त्यांनी ध्यानात ठेवा.

तर मुलगी तिकडं गेली, तिथंच नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्याच मुलाशी लग्न झालं, आणि दिवस गेले. फोनवर म्हणाली, "आई, बाळंतपणाला तू पाहिजेस." आता लेकीनं बाळंतपणाला माहेरी यायचं सोडून आईनंच सात समुद्र ओलांडून जायचं, हे गटात ऐकल्यावर आधी सगळ्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण ताई हडपसरच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या.

पासपोर्ट काढायचा ठरलं. गटात बीए झालेली मी एकटी, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी काय केलं? पूर्वी कधीतरी एका नातेवाईक बाईचा फॉर्म बघितला होता, त्यात नवऱ्याचं नाव, लग्नाचा दाखला, नोटरीचं प्रतिज्ञापत्र असं काय काय लागलं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं, "ताई, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागतेच." एका एजंटला विचारलं तर तोही म्हणाला, लागतेच, आणि वर त्याची फी पाच हजार. दोन माणसांनी एकच सांगितलं म्हटल्यावर ताईंनी विश्वास ठेवला.

मग त्या नवऱ्याला शोधणं आलं. सहा आठवडे गेले त्यात. आधी फोन उचलेना, मग उचलला तर ओळख दाखवेना, आणि शेवटी म्हणाला, सही देतो, वीस हजार लागतील. ताईंच्या भावानं घासाघीस करून पंधरावर आणला. ज्या माणसानं चौदा वर्षांत लेकीच्या फीला एक रुपया दिला नाही, त्याच्या सहीला आपण बायकांनी महिन्याला शंभर-शंभर साठवलेले पैसे द्यायचे! बैठकीत दोघी-तिघी चिडल्या होत्या. पण तिकडं पोरगीला सातवा महिना लागला होता. ठराव झाला. कारण या रकान्यात मी लिहिलं, "मुलीच्या बाळंतपणासाठी". सही विकत घ्यायला, असं कसं लिहिणार?

आता परत स्वारगेटच्या बाकावर या. नवरा दीड वाजता येणार होता. माझ्या मनात आलं, सही नुसती चालेल की नोटरीसमोर करायची? एवढे पैसे देऊन कागद चुकायला नको. पासपोर्टची एक मोफत फोनसेवा आहे, १८००-२५८-१८००. तिथं लावला. गाड्यांचे भोंगे, कंडक्टरांच्या आरोळ्या, मेगाफोनवरची घोषणा, या सगळ्यात एक कान बोटानं बंद करून मी विचारलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "त्या पतीपासून वेगळ्या राहतात का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग पतीची सही लागत नाही. नावही लिहायची सक्ती नाही. घटस्फोटाचा आदेशही लागत नाही. लग्नाचा दाखलाही नाही."

मी तिला तीनदा विचारलं. तिनं तीनदा तेच सांगितलं. "आणि हे कधीपासून?" म्हटलं, तर म्हणाली, "२०१६ पासून, मॅडम."

मैत्रिणींनो, माझ्या पायाखालची फरशी सरकली. नियम बदलून इतकी वर्षं झाली आणि मी गावोगाव मीटिंग घेत फिरणारी बाई, मला पत्ता नाही. ताईंकडं बघायची हिंमत होईना. त्यांनी मात्र पिशवीत हात घालून रुमाल चाचपला, आणि म्हणाल्या, "मग हे परत गटात जमा करा. आणि आता ती भोरची लागलीय, तीच पकडू."

दीड वाजता फोन वाजला. ताईंनी बघितला, उचलला नाही. खेड-शिवापूरपर्यंत तीनदा वाजला.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून मी हा नियम कुणी आणि कसा बदलला ते शोधायला बसले. आणि तिथं मला एक ओळखीचं नाव सापडलं, ज्ञानेश्वर मुळे. ओळखीचं म्हणजे, बीएला असताना कॉलेजच्या ग्रंथालयातून मी त्यांचं 'माती, पंख आणि आकाश' हे पुस्तक वाचलं होतं. तेव्हा आवडलं होतं ते खेड्यातल्या मुलाची गोष्ट म्हणून. हा माणूस पुढे आमच्या ताईंच्या कामाला येईल असं काही वाटलं नव्हतं.

मुळे साहेब कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले, अब्दुललाट गावचे. जन्म १९५८ चा. स्वारगेटला इचलकरंजीची गाडी लागते ना, त्या बाजूचं गाव. गावातून लहान वयात कोल्हापूरच्या विद्यानिकेतनमध्ये राहून शिकायला गेले. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी सरकारनं काढलेली ती निवासी शाळा. पुढं संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, कोल्हापुरातच बीए केलं, राज्याच्या स्पर्धा परीक्षेतून उपजिल्हाधिकारी झाले आणि काही काळ आपल्या पुण्यातच होते. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. गावात उपजिल्हाधिकारी म्हणजे केवढी गोष्ट! पण त्यांनी दिल्लीची परीक्षा दिली आणि १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले.

परराष्ट्र सेवा म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते, कारण बातम्यांमध्ये राजदूत, उच्चायुक्त, वाणिज्यदूत असे शब्द येतात आणि आपण पुढं सरकतो. आपल्याकडं जुना शब्द वकील. कोर्टातला नव्हे. एका राजाचा माणूस दुसऱ्या राजाच्या दरबारी राहायचा, तिकडची खबर इकडं आणि इकडचं म्हणणं तिकडं पोचवायचा, तो वकील. त्याचं राहायचं-कामाचं ठिकाण ती वकिलात. पुण्यातही पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये येऊन राहिला होता, मुळा-मुठेच्या संगमावर त्यांची वकिलात होती. गोड बोलत ते लोक पुढं काय करून बसले ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा वकिलातीचं काम म्हणजे नुसतं चहापाणी नसतं. आता देशाच्या राजधानीत मुख्य माणूस बसतो तो राजदूत. पूर्वी इंग्रजांच्या ताब्यात असलेले आणि आता राष्ट्रकुल म्हणून एकत्र आलेले देश एकमेकांकडं पाठवतात त्याला उच्चायुक्त म्हणतात, काम तेच. आणि राजधानी सोडून दुसऱ्या मोठ्या शहरात पासपोर्ट, व्हिसा, व्यापार आणि आपल्या लोकांच्या अडीअडचणी बघणारा तो वाणिज्यदूत. जर्मनीचा राजदूत दिल्लीत बसतो आणि वाणिज्यदूत मुंबईत. महाराष्ट्रातल्या माणसाच्या व्हिसाचा निर्णय मुंबईतून होतो.

मुळे साहेबांची पहिली नेमणूक जपानला, टोकियोत झाली. तिथं जपानी भाषा शिकले. अब्दुललाटची बोली, शाळेचं मराठी, संस्कृत, इंग्रजी, हिंदी आणि त्यात जपानी! पुढं मॉस्को, मॉरिशस, सीरियातलं दमास्कस. २००९ मध्ये मालदीवला उच्चायुक्त म्हणून गेले. समुद्रातली लहान लहान बेटं जोडून झालेला तो देश. तिथली त्यांची शेवटची दीड-दोन वर्षं फार अवघड गेली असणार. सत्ता उलटली, एका भारतीय कंपनीकडं असलेल्या विमानतळाचा करार तिथल्या सरकारनं मोडला. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये अटकेचं वॉरंट निघालेले माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद थेट आपल्या वकिलातीत येऊन बसले आणि दहा-अकरा दिवस बाहेर पडले नाहीत. दारात आलेल्या माणसाला हाकलायचं नाही आणि शेजाऱ्याशी भांडणही वाढवायचं नाही. आपल्यापैकी जिच्या दारात रात्री-अपरात्री शेजारची सून रडत आली असेल आणि मागोमाग तिचा सासरा, तिला ही कसरत कळेल. पुढं ते न्यूयॉर्कला वाणिज्यदूतांचे प्रमुख झाले, आणि २०१६ मध्ये दिल्लीला परत येऊन परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले. खातं कोणतं? पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातले भारतीय.

आता आपला मुद्दा. त्या काळात सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या. परराष्ट्र आणि महिला-बालविकास या दोन मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांची एक समिती नेमली होती. एकट्या आईनं वाढवलेली मुलं, वेगळ्या राहणाऱ्या आणि घटस्फोटित बायका, दत्तक मुलं, यांना पासपोर्ट काढताना काय अडचणी येतात ते या समितीनं बघितलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलल्याचं जाहीर झालं. लग्नाचा दाखला नको. वेगळं राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव लिहायची सक्ती नको. अर्जात आई किंवा वडील किंवा पालक, कुणा एकाचं नाव दिलं तरी चालेल. नोटरीचे शिक्के नकोत, साध्या कागदावर स्वतः लिहून सही केलेलं चालेल. एकूण पंधरा प्रकारची जोडपत्रं होती ती नऊवर आणली. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांतून पासपोर्टची केंद्रं उघडायला लागली, पहिली दोन कर्नाटकात म्हैसूरला आणि गुजरातमध्ये दाहोदला. दोन वर्षांत अशी चारशेहून जास्त झाली, आपल्याकडच्या जिल्ह्यांतही झाली. म्हणजे सिंधुदुर्गाच्या किंवा सोलापूरच्या माणसाला पासपोर्टसाठी पुण्या-मुंबईला मुक्काम करायची गरज राहिली नाही.

हे सगळं एकट्या मुळे साहेबांनी केलं असं मी म्हणणार नाही. मंत्री होत्या, समिती होती, कितीतरी कारकून आणि पोस्टमास्तर होते. पण खात्याचा सचिव अब्दुललाटसारख्या गावातून आलेला असला, की तालुक्याला जाणारी शेवटची गाडी किती वाजता चुकते हे त्याला पुस्तकात वाचावं लागत नाही. हे माझं मत आहे. ते २०१९ च्या सुरुवातीला निवृत्त झाले आणि पुढं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावर गेले.

तर आम्ही ताईंचा अर्ज भरला. एजंट नाही, मीच भरला, मोबाईलवर, रात्री दोन वाजेपर्यंत. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात "विभक्त" निवडलं. फी पंधराशे रुपये. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायची तारीख मिळाली. आधार कार्ड, पॅन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. एक भीती होती, दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद लावून बघितले, दोन प्रश्न विचारले आणि पुढं पाठवलं. फोटो काढताना ताईंनी पदर डोक्यावर घेतला, तर त्या म्हणाल्या, "काकू, कान दिसू द्या." ताई नंतर मला म्हणतात, "चौदा वर्षांत कुणी पहिल्यांदा विचारलं नाही, मालक कुठायत म्हणून."

पोलीस पडताळणी झाली, पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी आला. ताईंनी तो देवापुढं ठेवला आणि हळद-कुंकू वाहिलं. मी ओरडले, "ताई, डाग पडेल!" पडला नाही. कव्हरवरच वाहिलं होतं.

मग व्हिसा. इथं ताई खऱ्या घाबरल्या. त्यांना जर्मनीचं एकच नाव माहीत, हिटलर. म्हणाल्या, "तिथला साहेब तसलाच असला तर?" मी हसण्यावारी नेलं, पण मनात आलं की बघूया, त्या काळातले जर्मनीचे वकिलातीतले लोक कसे होते. तेव्हा वाचलं ते तुम्हालाही सांगते, कारण ते मला अजून डोक्यातून जात नाही.

गेऑर्ग डुकविट्झ नावाचा एक जर्मन माणूस. १९४३ मध्ये डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, जर्मनीच्या वकिलातीत जहाजांच्या कारभाराचा अधिकारी होता. राजदूत वगैरे नव्हे. आणि धुतल्या तांदळासारखाही नव्हे, हिटलरच्या पक्षाचा सभासद झालेला. डेन्मार्क तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. सप्टेंबरमध्ये त्याला कळलं की तिथल्या ज्यू लोकांना एका रात्रीत धरून जहाजानं छळछावण्यांकडं न्यायचं ठरलंय. त्यानं आधी बर्लिनला जाऊन ते थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग शेजारच्या स्वीडनला जाऊन तिथल्या पंतप्रधानांना भेटला. आणि २८ सप्टेंबरला, स्वतःचा जीव धोक्यात घालून, डेन्मार्कच्या पुढाऱ्यांच्या कानावर ती बातमी घातली. निरोप घरोघर गेला. १ ऑक्टोबरच्या रात्री सैनिक दारं ठोठावत फिरले तेव्हा बहुतेक घरं रिकामी. लोक शेजाऱ्यांकडं, दवाखान्यांत लपले होते. नंतरच्या दिवसांत कोळ्यांनी आपल्या मच्छीमार होड्यांतून त्यांना समुद्र पार करून स्वीडनला पोचवलं. सात हजारांहून जास्त माणसं वाचली. पावणेपाचशेच्या आसपास मात्र सापडली आणि छावणीत गेली.

युद्ध संपल्यावर हाच डुकविट्झ डेन्मार्कला जर्मनीचा राजदूत म्हणून गेला. आणि १९६१ ते १९६५ अशी चार वर्षं तो कुठं राजदूत होता सांगू? आपल्या दिल्लीत. १९७१ मध्ये इस्रायलनं ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या मानाच्या यादीत त्याचं नाव घातलं. मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या कोळ्यांनी पैसे घेतले का?" मी वाचलं होतं ते सांगितलं, काहींनी घेतले, काहींनी नाही घेतले. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सगळीकडं सारखंच."

व्हिसाचे कागद बरेच लागले. मुलीनं तिथल्या कचेरीत जाऊन, आईचा खर्च मी करीन अशी लेखी हमी दिली, त्याचा मूळ कागद टपालानं पाठवला. प्रवासाचा आजारपणाचा विमा, निदान तीस हजार युरोचा, तो जावयांनी काढला. येण्याजाण्याच्या तिकिटाचं बुकिंग. आणि परत येणार याचा पुरावा. ताईंच्या नावावर जमीन नाही, नोकरी नाही. मग मी गटाचं पत्र जोडलं, की या आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष आहेत, यांच्या सहीशिवाय बँकेतून पैसे निघत नाहीत, आणि यांच्या दोन शेळ्या गाभण आहेत. शेळ्यांचं लिहू नका म्हणून अध्यक्षबाई म्हणत होत्या. मी लिहिलं. नव्वद दिवसांपर्यंत राहायचा व्हिसा मिळाला. पत्रामुळं मिळाला की कशामुळं, कोण जाणे.

पण तोवर उशीर झाला होता. बाळ आधीच आलं, मुलगी झाली. बारसं ताईंनी माझ्या मोबाईलवर, समाजमंदिराच्या पायरीवर बसून बघितलं, कारण तिथंच रेंज येते. नाव ठेवताना फोन अडकला आणि नाव ऐकूच आलं नाही. परत लावून विचारावं लागलं. बाळ एकोणीस दिवसांचं असताना ताई पोचल्या. सव्वा महिन्याच्या आत पोचल्या, असं बाकीच्या बायका माझी समजूत घालायला म्हणतात. पण सहा आठवडे आधी निघाल्या असत्या तर लेकीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा त्या तिथं असत्या. तिकडं जवळ दुसरी बाईमाणूस नव्हती. ते सहा आठवडे त्या नवऱ्यानं घेतले नाहीत, एजंटानंही नाहीत. ते मी घालवले, न विचारता उत्तर देऊन.

आणखी एक फजिती. ताईंनी चार किलो डिंकाचे लाडू केले, घरच्या म्हशीच्या तुपातले. बॅग बंद झाल्यावर जावयांचा फोन, की युरोपात बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ आणू देत नाहीत. लाडू आम्ही खाल्ले. ताईंनी नुसता डिंक, खारीक आणि अळीव नेले आणि तूप तिकडच्या लोण्याचं कढवलं.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे किंवा जाणार आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी बोलते. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो. ताईंच्याही आहे, त्या सातवी झाल्यात. फिरायला किंवा लेकीकडं जायला त्याची अडचण नाही. पण आखाती देशांसकट अठरा देशांत नोकरीला जायचं असेल तर असा पासपोर्ट असलेल्यांना सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि घरकामासारख्या कामाला जाणारी बाई तीस वर्षांच्या आतली असेल तर ती परवानगी मिळत नाही. मुंबईत कुणी म्हणालं, "आत्ता फिरायच्या व्हिसावर जा, तिकडं कामाचा करून देतो," तर समजा की तो तुम्हाला त्या परवानगीच्या बाहेर काढतोय. तिथं पोचल्यावर मालकानं पासपोर्ट काढून घेतला तर तुमची दाद लागणं फार कठीण होतं. अडकलंच कुणी, तर तिथल्या आपल्या वकिलातीत जायचं. इथून घरच्यांनाही 'मदद' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, ते २०१५ पासून सुरू आहे. आणि हातात काहीच न उरलेल्या माणसाला परत आणायला किंवा कुणी तिकडं दगावलं तर देह गावी आणायला वकिलातींकडं एक कल्याण निधी असतो, २००९ पासून. तो मागावा लागतो. आपोआप कुणी देत नाही.

आणि ज्यांच्या घरी लहान बाळं आहेत त्यांनी जन्मदाखला जपून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त तोच चालतो. आपल्यासारख्या मोठ्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे अजून चालतं.

राहिला तो ठराव. त्या दिवशी स्वारगेटहून परत आल्यावर मी इतिवृत्ताची वही काढली आणि तो ठराव खोडायला निघाले. अध्यक्षबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "खाडाखोड नको. ऑडिटला विचारतील. नवा ठराव लिही." म्हणून मी खाली लिहिलं, "मागील ठराव क्रमांक सातनुसार उचललेले रुपये पंधरा हजार, समन्वयकाने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे उचलले गेले असल्याने, त्याच दिवशी परत जमा." सगळ्यांनी सह्या केल्या. ताईंची सही सगळ्यात मोठी आहे, दोन ओळी व्यापून.

परवा त्यांचा फोन आला होता. तिकडं बर्फ पडतंय, नातीला तेल लावते, आणि शेळी व्यायली का, हे विचारलं. व्यायली, दोन करडं झाली. मग हळूच म्हणाल्या, इकडच्या फोनवर त्यांच्या नवऱ्याचा अजून अधूनमधून मिस्ड कॉल येतो. सही द्यायला कधी यायचं, असं विचारायचं असेल. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.